पट्टा कशात अडकवला आहे? : उंचीवरच्या कामाविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव आणि खानापूर भागात घरे शाकारण्याची, पत्रे बदलण्याची आणि इमारती रंगवून घेण्याची घाई सुरू होते. साखर कारखान्यांतही गाळप संपून दुरुस्तीचा हंगाम चालू असतो. त्यामुळे या अंकात उंचीवर काम करणाऱ्यांच्या बचावसाधनांविषयी आलेली पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. कोणता पट्टा घ्यावा, तो किती वर्षे टिकतो, कितीला मिळतो, असे प्रश्न बहुतेकांनी विचारले आहेत. तो कशात अडकवावा आणि खाली किती जागा मोकळी हवी, हे मात्र एकाच पत्रात विचारले आहे. माझ्या मते जीव वाचतो की नाही हे बऱ्याचदा याच दोन गोष्टींवर ठरते, म्हणून पुढच्या उत्तरांत मी त्यांकडे पुन्हा पुन्हा वळलो तर वाचकांनी समजून घ्यावे.

प्रश्न : मी शहापूर (बेळगाव) येथे रंगकामाचे ठेके घेतो. कामावरच्या मुलांसाठी कमरेचे पट्टे आहेत. दुकानदार म्हणतो की दोन-तीन मजल्यांना तेवढे पुरे, पूर्ण शरीराचा हार्नेस महाग पडेल. पट्टे आम्ही दोघांनी मिळून ओढून पाहिले, मजबूत आहेत. तरीही हार्नेस लागतो का?

उत्तर : लागतो. पट्टा दोघांनी ओढून तो तुटत नाही एवढेच कळते, पडणाऱ्या माणसाचा झटका त्याहून फार मोठा असतो. ८० किलो वजनाचा माणूस २ मीटर लांबीच्या साध्या दोरावर पडला, तर दोर ताणला जाईपर्यंत त्याचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर झालेला असतो आणि त्याला जेमतेम पाऊण सेकंदसुद्धा लागत नाही. तो दोर न ताणणारा असला आणि माणूस १० सेंटीमीटरांत थांबला, तर सरासरी झटका सुमारे १६ किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाहून अधिक वजनाइतका बसतो. असा झटका कमरेवर आला की पट्टा न तुटताही यकृत, प्लीहा आणि मणका यांना जीवघेणी इजा होते. माणूस कमरेत मोडून लटकतो किंवा उलटा होऊन पट्ट्यातून निसटतो. याच कारणाने अमेरिकेच्या बांधकाम सुरक्षा नियमांनी १ जानेवारी १९९८ पासून पडणाऱ्या माणसाला अडवण्यासाठी कमरेच्या पट्ट्याचा वापर बंद केला. कमरेचा पट्टा अगदीच निरुपयोगी नाही. कडेपर्यंत पोचताच येणार नाही इतका आखूड दोर लावून माणसाला मागे रोखण्यासाठी, किंवा खांबावर लाइनमन टेकून उभा राहतो तसे दोन्ही हात मोकळे ठेवण्यासाठी तो चालतो. पडलेल्याला झेलणे हे त्याचे काम नव्हे.

हार्नेसमध्ये झटका मांड्या, नितंब, छाती आणि खांदे यांवर वाटला जातो आणि पाठीवरच्या डी-रिंगमुळे (डी-आकाराच्या धातूच्या कडीमुळे) माणूस पडल्यावर साधारण उभा राहतो. मात्र नुसता हार्नेस घेऊन भागत नाही. त्याला जोडलेल्या लॅनयार्डमध्ये, म्हणजे हार्नेस आधाराला जोडणाऱ्या दोरात किंवा पट्टीत, ऊर्जाशोषक असला पाहिजे. घडी घालून शिवलेली पट्टी झटका बसताच टाके उसवत उलगडत जाते आणि झटका ६ किलोन्यूटनच्या आत ठेवते. दुकानात हार्नेस आणि साधा दोर एकत्र स्वस्तात मिळतात. तो संच घेऊ नये, कारण हार्नेस चांगला असला तरी वर सांगितलेला दीड टनाचा झटका मग हार्नेसमधून शरीराला बसतो. हुक आपोआप लॉक होणारा आणि उघडण्यासाठी दोन वेगवेगळ्या हालचाली कराव्या लागणारा असावा. हार्नेसवर भारतीय मानक आयएस ३५२१ किंवा युरोपीय मानक ईएन ३६१ यांचा उल्लेख शोधावा. आयएसआय खुणेखाली छापलेला सीएम/एल क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की तो परवाना खरा आहे का आणि कोणत्या वस्तूसाठी आहे हे दिसते. दुकानातच उभे राहून एवढे करता येते.

आपण पत्रात लिहिलेले नाही, पण रंगकाम म्हटले की झुला येतोच, म्हणून विचारतो : आपली मुले पट्ट्याचा हुक झुल्याच्याच दोराला लावतात का? तसे असेल तर दोर सुटताच झुला, माणूस आणि पट्टा तिघेही बरोबरच खाली येतात. हार्नेससाठी गच्चीवरून वेगळा, स्वतंत्र जीवनदोर सोडावा, तो झुल्याहून निराळ्या आधाराला बांधावा आणि त्यावर खाली-वर सरकणारी व झटक्यात पकडणारी रोप ग्रॅब बसवावी. कठड्याच्या कडेवर दोर घासतो तिथे जाड गोणपाट किंवा रबराची पट्टी ठेवावी. गच्चीवरची प्लॅस्टिकची पाण्याची टाकी, जीआय पाइप, डिश अँटेनाचा खांब आणि विटांचा कठडा यांपैकी काहीही आधार म्हणून चालणार नाही.

प्रश्न : मी चिकोडी तालुक्यातील एका साखर कारखान्यात फिटर आहे. मिलजवळचा प्लॅटफॉर्म जमिनीपासून ४ मीटर उंच आहे. रोलर काढण्यासाठी रेलिंगचा एक भाग सोडवावा लागतो. आम्ही हार्नेस घालतो आणि २ मीटरचा लॅनयार्ड उरलेल्या रेलिंगला खालच्या पाइपाजवळ अडकवतो. डोक्यावर साधारण अडीच मीटरवर लोखंडी तुळई आहे, पण तिथे पोचायला त्रास पडतो. आम्ही करतो ते बरोबर आहे का?

उत्तर : आलेल्या पत्रांतला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. आपण करता त्यात दोन दोष आहेत आणि दोन्ही सारखेच गंभीर आहेत.

पहिला दोष अंतराचा आहे. हुक पायाच्या पातळीवर अडकवला असेल तर माणूस पडताना आधी त्या हुकाच्या उंचीपर्यंत खाली येतो आणि मग पूर्ण लॅनयार्डभर आणखी खाली जातो. हिशोब आधारबिंदूपासून, म्हणजे हुक अडकवलेल्या जागेपासून, खाली असा करतात : लॅनयार्डची लांबी २ मीटर, ऊर्जाशोषक उलगडून वाढणारी लांबी जास्तीत जास्त १.७५ मीटर, पाठीच्या डी-रिंगपासून तळपायापर्यंत सुमारे १.५ मीटर, आणि पट्टे ताणले जाणे व चुकभूल यांसाठी १ मीटर. बेरीज ६.२५ मीटर होते. आपल्या पायांखाली ४ मीटर आहेत. म्हणजे ऊर्जाशोषक पूर्ण उलगडण्याआधीच आपण जमिनीवर आदळण्याची शक्यता आहे, आणि तेही अंगावर चांगला, तपासलेला, महागडा हार्नेस असताना. हुक खांद्याच्या उंचीवर लावला तरी पायाखाली पावणेपाच मीटर मोकळे हवेत, म्हणजे तेवढ्याने भागत नाही. ऊर्जाशोषक असलेल्या प्रत्येक लॅनयार्डवर किंवा त्याच्या पुस्तिकेत खालची मोकळी जागा किती हवी याची आकृती असते. ती पुस्तिका स्टोअरमध्ये पडून राहते, ती मागून घ्या. खाली यंत्र, पाइप किंवा कन्व्हेयर असेल तर जमिनीपर्यंत न मोजता त्या वस्तूच्या वरच्या टोकापर्यंतच मोजावे.

दुसरा दोष रेलिंगचा आहे. चालणारा माणूस टेकला तर त्याला अडवावे एवढ्यासाठी रेलिंग केलेले असते. पडणाऱ्या माणसाचा झटका घेण्यासाठी ते सहसा केलेले नसते, आणि आपण तर त्याचा एक भाग सोडवून उरलेला भागही कच्चा केला आहे. आधारबिंदू किती बळकट असावा याचे आकडे नियमांगणिक वेगळे आहेत : अमेरिकी नियम दर माणसामागे २२.२ किलोन्यूटन मागतो, तर युरोपीय मानक ईएन ७९५ धातूच्या आधारसाधनाची स्थिर चाचणी १२ किलोन्यूटनवर घेते. गंजलेला वेल्ड, केबल ट्रे, कंड्युट किंवा वाफेची लाइन यांपैकी कशालाही यातला लहान आकडासुद्धा झेपेल असे कोणताही अभियंता लिहून देणार नाही. लिहून देतो का, असे विचारून पाहणे ही आधार पारखण्याची चांगली रीत आहे.

मग करावे काय? माझ्या पसंतीचा क्रम असा. रोलर काढताना उघडी पडणारी बाजू तात्पुरत्या, उचलून लावता येणाऱ्या अडथळ्याने बंद करावी : सुमारे एक मीटर उंचीचा वरचा पाइप, मधला पाइप आणि खाली पायपट्टी. रोलर उचलला जातो तेवढाच वेळ तो काढायचा. त्या वेळात कडेजवळ कोणी जायचेच असेल तर मागच्या पक्क्या स्तंभाला इतका आखूड दोर लावावा की माणसाचा पाय कडेपर्यंत पोचूच नये. यात पडणेच होत नाही, त्यामुळे खालच्या जागेचा हिशोबही लागत नाही. हे दोन्ही जमत नसेल तरच पडल्यावर झेलणाऱ्या साधनाकडे वळावे, आणि तेव्हा डोक्यावरच्या तुळईला कायमचे स्व-आकुंचित होणारे जीवनदोर यंत्र, ज्याला कारखान्यात नुसते ब्लॉक म्हणतात, ते बसवून घ्यावे. त्याची पट्टी किंवा केबल नेहमी ताठ राहते आणि झटका बसताच आतले खटके ती पकडतात. युरोपीय मानक ईएन ३६० प्रमाणे थांबण्याचे अंतर २ मीटरांपेक्षा जास्त असता कामा नये. तेव्हा आपल्या ४ मीटरांत ते बसते. तुळईपर्यंत रोज चढावे लागू नये म्हणून ब्लॉकच्या हुकाला एक हलकी दोरी बांधून ठेवतात आणि ती खालून ओढून हुक हातात घेतात. ब्लॉक आपल्या डोक्यावर सरळ हवा. तो बाजूला तीन-चार मीटर दूर असेल तर पडलेला माणूस झुलत जाऊन शेजारच्या स्तंभावर आदळतो, आणि ती धडकही पडण्याइतकीच वाईट असू शकते. ब्लॉक आडवा टाकून, त्याची केबल प्लॅटफॉर्मच्या धारदार कडेवरून जाईल असा वापरू नये. तशा वापरासाठी तपासलेले वेगळे ब्लॉक असतात आणि त्यांवर तसे लिहिलेले असते.

एक बारकावा राहिला. आपल्याकडे दोन पायांचा, म्हणजे दोन फाट्यांचा, लॅनयार्ड असेल तर जो पाय वापरात नाही त्याचा हुक हार्नेसच्या भार घेणाऱ्या डी-रिंगला कधीही अडकवू नये. तसे केले की ऊर्जाशोषक उलगडायला मोकळा राहत नाही. छातीवरच्या पट्ट्याला त्यासाठी वेगळी, झटक्यात सुटून जाणारी जागा असते, तिथेच तो लावावा.

प्रश्न : उद्यमबागेतील एका फाउंड्रीत मी स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे बारा हार्नेस आहेत. त्यांतील चार पिशवीतून बाहेरच काढलेले नाहीत, पण त्यांवर उत्पादनाची तारीख आठ वर्षांपूर्वीची आहे. तपासनीस म्हणतो सगळे भंगारात काढा. मालक म्हणतात न वापरलेली वस्तू खराब कशी होईल?

उत्तर : दोघांचेही म्हणणे घाईचे आहे. पट्ट्यांचे धागे नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असतात आणि ते पडूनही हळूहळू जुने होतात. म्हणून उत्पादक बहुधा उत्पादनाच्या तारखेपासून कमाल वर्षे ठरवून देतात. अनेकांची ही मर्यादा १० वर्षे असते, काहींची त्याहून कमी. आपल्या हार्नेसच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच खरे मानावे. पुस्तिका हरवली असेल आणि लेबलवरची तारीख व अनुक्रमांक वाचता येत नसेल, तर मात्र वाद न घालता तो हार्नेस बाद करावा, मग तो कितीही नवा दिसो. पिशवीतले चार हार्नेस अंधाऱ्या, कोरड्या कपाटात होते की पत्र्याच्या शेडमध्ये खिडकीखाली, याने फार फरक पडतो, कारण उन्हातील अतिनील किरण धाग्याचे सर्वांत मोठे शत्रू आहेत.

उरलेले आठ वापरात आहेत, आणि फाउंड्रीत वापरात आहेत, म्हणून त्यांची मला अधिक काळजी वाटते. तारखेपेक्षा त्यांची अवस्था पाहा. पट्टी दोन्ही हातांत धरून उलट्या यू-आकारात वाकवत संपूर्ण लांबी डोळ्यांखालून घालावी. असे वाकवले की काठावरचे बारीक काप आणि तुटलेले तंतू उभे राहतात. वेल्डिंगची ठिणगी किंवा तापलेली वाळू पडली असेल तिथे पट्टी कडक, चकचकीत आणि टोचरी लागते. तसा एकही डाग असेल तर तो हार्नेस गेला. रंग उडालेला, पट्टी पिठूळ किंवा ताठर झालेली, टाके सुटलेले, डी-रिंग वाकलेली किंवा तडकलेली, बकल नीट न बसणारे, हुकाची जीभ परत न येणारी, ऊर्जाशोषकाची पिशवी फाटलेली, यांपैकी काहीही एक बाद करण्यास पुरेसे आहे. काही हार्नेसांवर माणूस पडल्याची खूण दाखवणारी, शिवलेली घडी असते. ती घडी उलगडलेली दिसली तर तो हार्नेस कुणाला तरी एकदा झेलून बसला आहे, तुमच्या नोंदवहीत तसे नसले तरी. एकदा झटका खाल्लेला हार्नेस आणि लॅनयार्ड पुन्हा वापरायचा नाही, याला अपवाद नाही.

रसायनांचे म्हणाल तर नायलॉन आम्लाने खराब होते आणि पॉलिएस्टर तीव्र अल्कलीने. त्यामुळे पिकलिंगच्या (धातू आम्लात बुडवून साफ करण्याच्या) टाकीजवळ नायलॉन नको आणि ओल्या सिमेंटात पॉलिएस्टर माखून ठेवू नये. वेल्डिंग करणाऱ्यांसाठी अरामिड या उष्णता सोसणाऱ्या धाग्याचे हार्नेस मिळतात. फाउंड्रीने असे दोन तरी ठेवावेत असे माझे मत आहे. क्रमांक घालण्यासाठी पट्टीवर मार्कर पेनने लिहू नये, रंग लावू नये, कारण त्यातील द्रावक धाग्यात उतरतात. धातूचा बिल्ला किंवा लेबलवरची जागा वापरावी. दर १२ महिन्यांतून किमान एकदा, प्रशिक्षण घेतलेल्या जाणकार व्यक्तीकडून प्रत्येक नगाची तपासणी आणि अनुक्रमांकासह लेखी नोंद हवी. वापरणाऱ्याने रोज घालण्यापूर्वी पाहायचे ते वेगळे.

बाद केलेले हार्नेस भंगारवाल्याला अखंड देऊ नका. पट्ट्या कात्रीने चार ठिकाणी कापून द्या, नाहीतर तेच धुऊन-पुसून बाजारात येतात आणि मघाच्या रंगकामवाल्यासारख्या एखाद्याच्या पोराच्या अंगावर चढतात.

प्रश्न : आमचे खानापूर तालुक्यात कौलारू घर आहे आणि मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. दरवर्षी मृगाआधी माझे पती आणि दीर घर शाकारतात. कमरेला नायलॉनचा दोर बांधून त्याचे टोक पुढच्या अंगणातल्या खांबाला बांधतात. मी हार्नेस आणायचा आग्रह धरावा का?

उत्तर : आग्रह जरूर धरावा, पण आधी पडवीवर चढणे बंद करण्याचा. जुना सिमेंटचा पत्रा ऊन-पावसाने ठिसूळ होतो, त्यावर शेवाळ धरते आणि वरून तो धडधाकट दिसतो. माणूस कडेवरून न पडता सरळ पत्र्यातून खाली जातो. बोल्टच्या रेषेवरून चालले की काही होत नाही असे जुने लोक सांगतात. खाली वासा असतो हे खरे, पण पाय चार बोटे चुकला की संपले. पडवीची उंची अडीच-तीन मीटर धरली तर वरच्या उत्तरातल्या हिशोबाने ऊर्जाशोषकाला उलगडायला जागाच नाही, म्हणजे तिथे हार्नेस आणूनही उपयोग नाही. पत्रा बदलायचा असेल तर खालून, पडवीतच पक्की परांची उभी करून बदलावा. वर जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर निदान दोन-तीन वाशांवर टेकणाऱ्या रुंद, बांधलेल्या फळ्यांवरूनच वावरावे. उजेडासाठी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यावर धूळ बसली की तो ओळखू येत नाही, त्यावर आधीच खूण करून ठेवावी. शिवाय जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. तो कोरडा कापू किंवा फोडू नये, ओला करून अखंड उतरवावा.

कौलांच्या मुख्य छपरावर दोराचा प्रश्न येतो. कमरेच्या गाठीविषयी पहिल्या उत्तरात लिहिलेच आहे. अंगणातल्या खांबाला बांधलेला सैल दोर तर माणूस छपराच्या खालच्या कडेपर्यंत घसरून खाली पडला तरी ताणला जात नाही. दोघांनी हार्नेस घालायचाच असेल तर दोर आढ्यावरून पलीकडच्या बाजूला नेऊन जमिनीत पक्क्या रुजलेल्या झाडाला बांधावा, आढ्यावर तो घासू नये म्हणून गोणपाट ठेवावे, आणि माणूस जसजसा सरकेल तसतसा रोप ग्रॅबने दोर ताठ ठेवावा. पलीकडे कुणी दोर सोडणार नाही, त्या झाडाजवळ गाडी उभी करणार नाही, हेही पाहावे लागते. याहून सोपा आणि मला अधिक पटणारा उपाय म्हणजे आढ्याला आकड्याने अडकणारी छपराची शिडी. भार कौलांवर न पडता आढ्यावर जातो, कौलेही कमी फुटतात. जमिनीवरची शिडी चार हात उंचीला एक हात बाहेर या तिरक्यात लावावी, ती छपराच्या कडेच्या वर मीटरभर निघालेली असावी आणि वरच्या टोकाला बांधलेली असावी. आणि मृगाआधी म्हणजे वळवाच्या पहिल्या सरीनंतर नव्हे. ओल्या कौलांवर चढायचेच नाही.

प्रश्न : मी निपाणी भागात मोबाइल टॉवरवर काम करतो. हार्नेस आणि दुहेरी लॅनयार्ड कंपनीने चांगले दिले आहेत. वर मी एकटाच असतो, खाली फक्त गाडीचा चालक. पडून लटकलो तर पुढे काय?

उत्तर : पुढे कुणीतरी आपल्याला लवकर खाली आणले पाहिजे, आणि आपल्या पत्रावरून दिसते की ती सोय नाही. हार्नेसमध्ये निश्चल लटकल्यावर पायांतले रक्त वर फिरेनासे होते. काही मिनिटांतच घेरी येऊ शकते आणि बेशुद्ध होऊन तसेच लटकत राहिल्यास मृत्यूही येऊ शकतो. शुद्धीवर असाल तोवर पाय सतत हलवावेत, टॉवरच्या लोखंडी अँगलला किंवा हार्नेसवरच्या पाय टेकवायच्या पट्ट्यांना पाय देऊन आळीपाळीने भार घ्यावा. या पट्ट्या छोट्या पुड्यांत मिळतात आणि बहुतेक हार्नेसना लावता येतात. त्या आजच मागवा.

१०८ किंवा ११२ ला फोन करणे आवश्यक आहे, पण ती सुटकेची योजना नव्हे, कारण रुग्णवाहिकेबरोबर ३० मीटर उंचीवर चढणारा माणूस येत नाही. टॉवरवर एकट्याने चढायचे नाही, हा नियम कंपनीकडून लिहून घ्यावा. दुसरा माणूस चढण्याचे आणि सुटकेचे प्रशिक्षण घेतलेला असावा, त्याच्याजवळ खाली उतरवण्याचा दोर-संच असावा आणि तुम्ही दोघांनी तो जमिनीजवळ एकदा तरी प्रत्यक्ष वापरून पाहिलेला असावा. खाली आणल्यावर माणसाला आडवे झोपवू नये, बसते ठेवावे असे अजूनही काही प्रशिक्षणांत शिकवतात. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने २००९ मध्ये याचा पुरावा तपासला आणि तसे करण्यास आधार नाही, नेहमीच्या प्रथमोपचाराप्रमाणे आडवेच करावे असा निष्कर्ष दिला. लटकून सुटलेल्या प्रत्येकाला, तो बरा आहे म्हणाला तरी, दवाखान्यात न्यावे.

आपले वजन आणि अवजारांची पिशवी मिळून किती होते हेही एकदा पाहा. बहुतेक साधनांच्या चाचण्या १०० किलो वजनावर होतात. त्याहून जास्त भार चालतो का हे लेबलवर लिहिलेले असते.

प्रश्न : हुक्केरी तालुक्यातील एका बांधकामावर मी सेंट्रिंगचे काम करतो. ठेकेदाराने हार्नेसचे पैसे पगारातून कापले. हे चालते का?

उत्तर : चालत नाही. उंचीवर काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने मालकावर टाकली होती, बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा झाला, आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० स्पष्टच सांगते की सुरक्षेसाठी दिलेल्या कोणत्याही गोष्टीचे पैसे कामगाराकडून घेता येणार नाहीत. कामगार खात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पगाराची पावती किंवा मुकादमाच्या वहीचा फोटो जोडा. त्याच अर्जात आणखी एक मागणी करावी असे मी सुचवतो : साधन कसे घालायचे हे कन्नड, मराठी, हिंदी, ज्याला जे कळते त्या भाषेत करून दाखवावे. बहुतेक पुस्तिका इंग्रजीत असतात आणि मांडीचे पट्टे सैल सोडण्याची चूक तिथूनच सुरू होते. पट्टा आणि मांडी यांमध्ये सपाट हात जाईल, पण मूठ जाणार नाही, एवढा तो घट्ट हवा.

प्रश्न : बेळगावातील आमच्या गणेशोत्सव मंडळाची मुले मंडपाच्या बांबूंवर चढून रोषणाई लावतात. मंडळाने दोन हार्नेस घेतले तर पुरेसे होईल का?

उत्तर : नाही, कारण मंडपाचे सुंभाने बांधलेले बांबू हा आधारबिंदू नव्हे. एक माणूस पडला की त्याच्यासह सांगाडाच खाली येऊ शकतो. त्या पैशांत चाकांची, कठडा असलेली लोखंडी परांची भाड्याने आणा, चाके लॉक करा आणि वर माणूस असताना ती ढकलू नका. रस्त्यावरच्या विजेच्या तारा मंडपाजवळून जात असतील तर हेस्कॉमला (या भागातील वीज कंपनीला) कळवून पुरवठा बंद झाल्याखेरीज कुणी वर जाऊ नये. विजेच्या धक्क्यापुढे हार्नेसचा काही उपयोग नसतो.

प्रश्न : हार्नेस धुवावेत का? खानापूरच्या पावसात ते आठवडाभर ओलेच राहतात.

उत्तर : धुवावेत. ४० अंशांपेक्षा गरम नसलेल्या पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, स्वच्छ पाण्यातून काढून सावलीत, वाऱ्यावर टांगून वाळवावेत. ब्लीच, धुण्याचा सोडा, पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. चुलीजवळ, बॉयलरजवळ किंवा उन्हात घालू नयेत. ओला हार्नेस पेटीत कोंबला की बुरशी धरते आणि बकलांना गंज चढतो, म्हणून पावसाळ्यात प्रत्येकी एकाऐवजी दोन संच ठेवून ते आलटून पालटून वापरणे सोयीचे पडते.